अर्ध्या चाकाचे अंतर

कारखान्याचा पहिला भोंगा घमापूरच्या घरात ऐकू येई, तेव्हा शेगडीतले कोळसे नुकते लाल झालेले असत. नर्मदाबाई त्यांवर आधी अंघोळीच्या पाण्याचे पातेले ठेवीत आणि मग चहाचे. तोवर अण्णा अंगणातल्या नळाशी उभे राहून दाढी करीत. आरसा जास्वंदीच्या फांदीला टांगलेला असे. वारा आला की त्यांचा चेहरा आरशातून निघून जाई, तरी वस्तरा थांबत नसे. दुसऱ्या भोंग्याच्या आधी मुरलीधर दोन्ही सायकली ओसरीवरून खाली उतरवी, चाके अंगठ्याने दाबून पाही आणि ज्यात हवा कमी वाटेल त्याला पंप लावी. एवढ्यात अण्णा टॉवेलने कान पुसत येत, "दे इकडे" म्हणत आणि पंप त्याच्या हातातून काढून घेत. मुरलीधर तो देऊन टाकी. द्यावा की न द्यावा, असा प्रश्न त्याला कधी पडला असेल, असे घरात कोणाच्या मनात आले नव्हते.

मग दोघे निघत. घमापूरच्या चौकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत सायकलींचा जो लोंढा वाहत असे, त्यात हरकरे बंधू लांबून ओळखू येत. पुढे ताठ बसलेले अण्णा आणि त्यांच्या उजव्या हाताला, अर्धे चाक मागे, मुरलीधर. रस्ता रुंद असो की अरुंद, हे अंतर वाढत नसे आणि कमीही होत नसे. बेचाळीस साली, मागच्या महायुद्धाच्या भरतीत, अण्णांनी धाकट्या भावाला आपल्याच टूलरूममध्ये लावून घेतले. त्या दिवसापासून हे असेच चालले होते. आता अण्णा टूलरूमचे फोरमन होते आणि मुरलीधर असिस्टंट फोरमन. एकाहत्तर सालचा सप्टेंबर संपत आला होता. पूर्वेकडच्या बातम्यांनी तोफांच्या या कारखान्यातल्या पाळ्या लांबल्या होत्या, रविवार नाहीसे झाले होते आणि अण्णांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

खंडेनवमीला मात्र सायकली खाली उतरत नसत. त्या धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून ओसरीवरच उभ्या असत. यंदा टूलरूमला दसऱ्याची सुट्टी नव्हती, नवमीची तेवढी होती; म्हणून सकाळपासून अण्णा घरभर फिरत होते. नर्मदाबाई विळीवर नारळ खोवत होत्या. ते जवळ आले, म्हणाले, "असं नाही, दे इकडे," आणि अर्धा नारळ खोवून देऊन निघून गेले. खोबऱ्यात करवंटीचा काळा चुरा पडला होता. नर्मदाबाई तो वेचीत बसल्या.

"पाहिलं?" त्या जावेला म्हणाल्या. "एका सुट्टीत ही गत. जानेवारीपासून रोज घरी राहिले तर मला माहेरी जावं लागेल, आणि माहेरी आता कोणी उरलं नाही."

प्रतिमा पुरण घोटत होती. ती हसली. "घरी कशाला राहतात, वहिनी. सेनसाहेबांनी दोन वर्षं वाढवून देतो म्हटलंच आहे. घ्यावीत अण्णांनी. लढाईच्या दिवसांत अनुभवी माणूस लागतोच न."

हे ती गेल्या आठवड्यात चौथ्यांदा म्हणत होती आणि दर वेळी तिचा आवाज थोडा अधिक गोड होत होता. नर्मदाबाईंनी तिच्याबरोबर या स्वयंपाकघरात उभी हयात काढली होती. प्रतिमाचा आवाज केव्हा गोड होतो, हे त्यांना माहीत होते. अण्णांची वाढीव दोन वर्षे संपतील, तेव्हा मुरलीधरही अठ्ठावन्नचा होईल. दोघे भाऊ एकाच दिवशी हार घालून घरी येतील, आणि त्यांतला एक कधीच फोरमन झालेला नसेल. हे हिशेब करून पाहण्याची गरज नव्हती. ते दोघींनाही दिसत होते. मात्र ते बोलून दाखवणे प्रतिमाला शोभणारे नव्हते, आणि आपल्याला ते सोपे नाही, असे नर्मदाबाई स्वतःशी कबूल करीत होत्या. कारखान्याचे मॅनेजर सेनसाहेब यांना उत्तर उद्या, दसऱ्याला द्यायचे होते.

दारात सायकलरिक्षा थांबली. अण्णांची पाठची बहीण बेबीताई आल्या. त्या सिव्हिल लाइन्समधल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि पायरी चढतानाच वर्ग शांत करण्याची त्यांची सवय होती. हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा होता.

"विनता कुठे आहे? तीही ऐकू दे," त्या स्वयंपाकघरात शिरत म्हणाल्या. मुरलीधराची मुलगी विनता मागच्या दारात फुले निवडत होती. ती परडी घेऊन आत आली. "काल मिसेस सेन आल्या होत्या शाळेत. आपला मुरली काय करून बसला, माहीत आहे?"

प्रतिमाचा हात थांबला. "काय केलं?"

"घाबरू नकोस. सेनसाहेबांनी त्याला बोलावलं, म्हणाले, तुमच्या भावाने नाही म्हटलं तर तुमचं नाव पुढे पाठवतो. तर हा म्हणाला, बड़े भैया के रहते मेरा नाम मत लिखिए, साहब. भैया छोड़ दें तो भी मत लिखिए. उठला आणि आला. घरात एक शब्द नाही." बेबीताईंचे डोळे खरोखरच भरून आले होते. "कुठे आहेत असे भाऊ आता? मिसेस सेन म्हणाल्या, दीदी, आमच्याकडे तर भाऊ कोर्टातच भेटतात."

"मलाही नाही सांगितलं," प्रतिमा म्हणाली. तिने पुरणयंत्र बाजूला सरकवले, पुन्हा जवळ ओढले. "बरं केलं. शोभलं त्यांना." या वेळी तिचा आवाज गोड नव्हता.

अण्णा दाराशी आले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांची मान थोडी उंच झाली. मुलाला बक्षीस मिळाल्यावर बापाची व्हावी तशी. विनताने ते पाहिले आणि परडी ठेवून ती मागच्या अंगणात गेली.

मुरलीधर पेरूच्या झाडाखाली पाटावर हत्यारे मांडत होता. कारखान्याची हत्यारे कारखान्यातच राहत. ही गेटपासवर आणलेली, प्रत्येकाची स्वतःची. बापूसाहेबांचा, म्हणजे अण्णांच्या आणि त्याच्या वडिलांचा, जुना पितळी कॅलिपर, अण्णांचा मायक्रोमीटर, त्याचा स्वतःचा, मापे तपासायचा डायल गेज. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारी ट्रेसर असलेल्या विनताची रेषा ओढायची लेखणी तीन वर्षांपासून त्याच पाटावर असे. मुरलीधर एकेक वस्तू तेलाच्या फडक्याने पुसत होता आणि गुणगुणत होता.

"बाबा, सेनसाहेबांना नाही काहून म्हटलं?"

"आली का बेबीताई." तो हसला. "त्यांच्या शाळेत पेपर फुटत कसे नाहीत, नवलच आहे."

"मी विचारून राहिले न."

"अगं, अण्णा काही नकार देत नाहीत. लढाई तोंडावर आहे. मग माझं नाव उगाच कागदावर कशाला? उद्या कोणी अण्णांना दाखवलं तर त्यांना वाटेल, हा मागून टपून बसला होता."

"पण त्यांनी सोडलं तरी लिहू नका म्हणालात तुम्ही."

मुरलीधराने डायल गेजची काच श्वासाने धूसर केली आणि पुसली. "त्यांनी सोडल्यावर लगेच त्यांच्या खुर्चीवर बसणं बरं दिसतं का, बेटा? येईल कोणी कानपूरहून. चांगला असेल."

"मग तुम्ही त्याच्याही मागे अर्धं चाक राहणार?"

त्याने कॅलिपर पुसायला घेतला. पलीकडच्या बंगाली क्लबात पूजेचा ढाक वाजू लागला होता. विनता त्याच्याजवळ उकिडवी बसली. "बाबा, मला ड्रॉइंग तुम्ही शिकवलं. पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? कागद कोरा ठेवून बसू नये. आधी मध्यरेषा ओढायची, मग सगळं तिच्यावरून मोजायचं."

"बरोबर आहे ते."

"तुमची मध्यरेषा कुठे आहे?"

"तू फार बोलायला लागलीस," तो म्हणाला, पण त्याच्या हातातले फडके थांबले होते.

पूजेला सगळे पाटाभोवती बसले. ही चाल बापूसाहेबांनी घातलेली. नागपूरहून फिटर म्हणून ते या कारखान्यात आले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पहिल्याच खंडेनवमीला त्यांनी आपल्या कानशीसमोर शब्द दिला होता की, यंदा सही शिकेन. तेव्हापासून हरकऱ्यांच्या घरात हत्याराला फूल वाहायचे आणि हत्याराच्या धन्याने यंदा काय शिकणार ते सर्वांसमोर सांगायचे. मागच्या वर्षीचा शब्द पुन्हा चालत नसे. सुरुवात धाकट्यापासून, म्हणजे थोरांचे ऐकून कोणी आपला शब्द बदलत नाही, असे बापूसाहेब म्हणत. आणि वाहिलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलायचे नाही.

विनताने लेखणीवर शेवंती ठेवली. "मी संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं आहे. तीन वर्षांनी ड्राफ्ट्समनची परीक्षा. त्यापुढे डिझाइनमध्ये जायचं आहे, त्याला काय लागतं ते विचारून ठेवलं आहे. ट्रेसर म्हणून रिटायर व्हायचं नाही."

"तीन वर्षं?" प्रतिमा म्हणाली. "आणि लग्न?"

"ते पाटावर मांडलेलं नाही, आई."

नर्मदाबाई पदरात हसल्या. बेबीताईंनी "शाबास" म्हटले आणि मग प्रतिमाकडे पाहून ते थोडे सौम्य केले. "शिकता शिकताही होतं लग्न. मी बीटी केलं तेव्हा माझा संसार होताच न."

मग मुरलीधराची पाळी. डायल गेजला फूल वाहून त्याने नेहमीसारखे थोडे लाजत सांगितले, "मी यंदा बुलबुलतरंग वाजवायला शिकेन म्हणतो."

सगळे हसले. मुरलीधराचा शब्द ही नवमीची गंमत असे. त्याने पेटी शिकली होती. बंगाली शेजाऱ्यांकडून बंगाली शिकला होता. होमिओपॅथी, घड्याळ-दुरुस्ती, फोटो धुणे, गुलाबाचे डोळे भरणे. घरातले प्रत्येक घड्याळ त्याच्यामुळे चालत होते आणि गल्लीतला निम्मा सर्दी-खोकला त्याच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर होता. दिलेला शब्द त्याने एकदाही मोडला नव्हता.

"काय बाप्पा मुरली," बेबीताई म्हणाल्या, "आता वाजंत्रीवालेच व्हायचं राहिलं होतं."

"बाबा," विनता म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. इतकी वर्षं तुम्ही एवढं शिकलात. त्यातलं एकही फाटकाच्या आतलं काहून नाही?"

हसणे एकदम थांबले नाही, विरत गेले. अण्णांच्या मनात आपोआप आपले शब्द उभे राहिले. पोलादाला पाणी चढवणे. दंडगोल घासून मापात आणणे. जर्मन यंत्रावर गेज तपासणे. नव्या तोफेच्या गाड्याची मापे. एकूण एक फाटकाच्या आतले. आपण सांगत गेलो, सगळे ऐकत गेले, आणि शेजारी बसलेला माणूस दर वर्षी फाटकाच्या बाहेर कुठेतरी जाऊन काहीतरी घेऊन येत होता. ते पाहून आपणही हसलो.

मुरलीधर सहज म्हणाला, "आतलं सगळं अण्णांना येतं न. एका घरात दोघांनी तेच कशाला शिकायचं?"

त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितले की ते किती वेळ मनात तयार होते हे त्यातूनच कळले.

"हेच तर मी म्हणते," बेबीताई घाईने म्हणाल्या. "असा समजूतदार—"

"बेबी, थांब," अण्णा म्हणाले. ते भावाकडे वळले. "बुलबुल ठीक आहे. शिक. पण फाटकाच्या आतला एक शब्द दे."

मुरलीधराने पाटाकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने घसरलेले फूल पुन्हा गेजवर ठेवले, तोवर अण्णांना राहवेना. "अरे, त्यात काय एवढं. मुरलीला टूलरूम—"

"तुम्ही नका सांगू," नर्मदाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण या घरात पूजेच्या वेळी त्या मध्ये बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते. "त्यांच्या हातातला पंप घेता, माझ्या हातातली विळी घेता. तोंडातला शब्द तरी त्यांचा त्यांना काढू द्या."

अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मुरलीधर वहिनीकडे पाहून किंचित हसला. आपल्याला वाट करून दिली आहे, हे त्याला समजले. "मला टूलरूम चालवायची आहे," तो म्हणाला. एवढे बोलून तो थांबेल असे सर्वांना वाटले. तो थांबला नाही. "खिडकीवर हत्यारांसाठी जी रांग लागते ती मला लागू द्यायची नाही. रोज लागणारी गेजं खिडकीजवळ आणायची, वर्षातून एकदा लागणारी मागे. आपल्याकडे उलटं आहे, कारण पूर्वी मागचा दरवाजा पुढचा होता. मग नवीन भरतीची माणसं. एका म्हाताऱ्या हाताबरोबर दोन नवे हात, तीन महिने; मग त्यांची जागा बदलायची. आता एकच माणूस एकच काम करतो आणि तो आजारी पडला की आपण हात जोडून बसतो. लढाईत ते परवडायचं नाही. पहिल्या वर्षी एवढंच. दुसऱ्या वर्षी गेजं तपासायची खोली वेगळी करायची, भट्टीपासून लांब. तिथल्या उष्णतेने मापं हलतात. सेनसाहेब जागा देतील की नाही ते बघावं लागेल, पण मागितल्याशिवाय कसे देतील."

"गेजांची खोली हलवायची म्हणजे—" अण्णांनी सुरुवात केली. त्यांना त्यात तीन अडचणी दिसत होत्या. त्यांनी त्या गिळल्या. भट्टीबद्दल मुरली खरे बोलत होता. आपल्याला ती गोष्ट सुचली नव्हती, हेही त्यांना तिथेच, गुडघ्यावर हात ठेवून बसल्या बसल्या मान्य करावे लागले.

"हे सगळं कधीपासून ठरवून ठेवलंत?" प्रतिमाने विचारले.

"पासष्टच्या लढाईपासून," मुरलीधर म्हणाला.

"आणि मला बुलबुल सांगितलं."

"बुलबुलही खरंच शिकणार आहे, प्रतिमा."

तिने डोळ्यांना पदर लावला, मग लगेच हसलीही. बेबीताईंना मात्र वाऱ्याचा रोख कळत नव्हता. मोठ्या अभिमानाने आणलेली गोष्ट त्यांच्या हातात वेगळीच होऊन बसली होती. "पण मुरली, लोक काय म्हणतील? भावाला उठवून बसला म्हणतील."

"तेच म्हणतो मी," मुरलीधर एकदम पडलेल्या आवाजात म्हणाला. "म्हणून तर—"

"लोकांना ओव्हरटाइम आहे," अण्णा म्हणाले. "त्यांना वेळ नाही. बेबी, तुझा शब्द?"

बेबीताईंनी शाळेतून आणून पाटावर ठेवलेल्या खडूच्या पेटीवर फूल ठेवले. क्षणभर त्यांना ठरवलेला शब्द आठवेना. "मी सायकल शिकणार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "रिक्षावाला रोज उशीर करतो."

"या वयात?"

"तुम्ही सगळे आज वयाबाहेरचंच बोलून राहिलात. मीच का मागे राहू?"

हशा पिकला आणि त्या हशात अण्णांनी मायक्रोमीटरला फूल वाहिले. त्यांचा शब्द कालपर्यंत तयार होता: नव्या तोफेची आणखी काही मापे, आणखी दोन वर्षे. ते फुलाकडे पाहत राहिले. घरी बसण्याची त्यांना भीती वाटत होती. नर्मदेला करवंटीचा चुरा वेचताना त्यांनी पाहिले होते. सेनसाहेब दोन वर्षांचे बोलले, तेव्हा जाता जाता आणखी एक बोलले होते: अॅप्रेंटिस स्कूलला शिकवणारे कमी पडतात, पण तिथे तुमच्यासारखा फोरमन कशाला येईल. अण्णा तेव्हा हसले होते.

"मी सेनसाहेबांना नाही म्हणणार," ते म्हणाले. "आणि जानेवारीपासून अॅप्रेंटिस स्कूल मागणार. हुद्दा खालचा आहे. असू दे. यंदा मी शिकवायला शिकणार."

मुरलीधराने न राहवून म्हटले, "अण्णा, तुम्ही? पोरं पळतील. कोणाची कानस वाकडी चालली की तुम्ही हातातून काढून घेता आणि स्वतःच घासून देता."

"तेच शिकायचं आहे," अण्णा म्हणाले. "हातातून काढून घ्यायचं नाही. अवघड आहे. वर्ष लागेल."

"शाळा चारला सुटते न?" नर्मदाबाईंनी विचारले.

"चारला."

"मग माझी हरकत नाही."

"मुरली," अण्णा म्हणाले, "तू नाही म्हणून आला आहेस, ते मी उद्या सेनसाहेबांना—" ते थांबले. बायकोकडे न पाहताच थांबले. "नाही. तू जा. तुझं तू सांग."

पुरण गार होऊन राहिले आहे, असे प्रतिमाने सांगितले आणि सगळे उठले.

दसऱ्याच्या सकाळी पहिला भोंगा झाला तेव्हा शेगडीतले कोळसे लाल झाले होते. पाटावर अक्षता टाकून झाल्यावर ज्याने त्याने आपले हत्यार उचलले. मुरलीधराने डायल गेज फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला. मग त्याने सायकली खाली उतरवल्या आणि अंगठ्याने चाके दाबून पाहिली. अण्णांच्या मागच्या चाकात हवा कमी होती. त्याने पंप लावला. अण्णा टॉवेलने कान पुसत आले, त्यांचा उजवा हात पुढे झाला, "दे—" एवढे ओठांत आले, आणि तो हात त्यांनी पाठीमागे नेऊन डाव्या हाताने धरून ठेवला. मुरलीधर अण्णांपेक्षा सावकाश पंप मारी. दुसरा भोंगा झाला. अण्णा जास्वंदीकडे पाहत उभे राहिले.

"झालं," मुरलीधर म्हणाला.

चौकातून लोंढ्यात शिरल्यावर तो सवयीने अर्धे चाक मागे पडला. अण्णांनी वेग कमी केला. मुरलीधरानेही केला. अण्णांनी आणखी केला. दोन्ही सायकली जवळजवळ उभ्या राहिल्या आणि मागून घंट्या वाजू लागल्या. "अरे दादा, चलो भी," कोणी ओरडले. अण्णा उतरले, कडेला गेले, बुटाच्या नाडीशी वाकले. नाडी घट्ट होती.

"तू हो पुढे."

मुरलीधर क्षणभर घुटमळला. मग त्याने पाय मारला. त्याची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत अण्णा वाकून राहिले. किती वर्षांनी आपण ही पाठ पाहत आहोत, असे त्यांना वाटले. मग लक्षात आले, कधीच पाहिली नव्हती.

सेनसाहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकाशी ते पोचले, तेव्हा मुरलीधर आधीच तिथे बसला होता. अण्णा त्याच्याशेजारी बसले. दार उघडले आणि शिपायाने हाक दिली, "हरकरे साहब."

या ऑफिसात ही हाक नेहमी एकाच माणसाला दिली जाई. शिपाई अण्णांकडेच पाहत होता. मुरलीधरानेही सवयीने त्यांच्याकडे पाहिले. अण्णांनी दोन्ही हात पाठीशी घेतले आणि ते समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले.

मुरलीधर उठला. त्याने सदऱ्याची खालची बाजू ओढून नीट केली, खिशातल्या डायल गेजवर एकदा हात ठेवला आणि आत गेला. दार लागले. अण्णा बाकावर त्याच्या रिकाम्या जागेकडे थोडे सरकले आणि आपली पाळी येण्याची वाट पाहू लागले.